डोके व मानेच्या कर्करोगाची अवस्था आणि संयुक्त प्रतिमाचित्रण



भिलाई हे लोखंडाचे गाव आहे. १९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि पुढे भारतीय रेल्वेच्या रुळांचा फार मोठा भाग याच गावातून देशभर जाऊ लागला. रूळ तयार झाला म्हणजे तो तसाच वाघिणीवर चढत नाही, हे येथील लहान मुलासही ठाऊक असते. पृष्ठभागावरचा दोष डोळ्यांना दिसतो. परंतु पोटातली भेग डोळ्यांना दिसत नाही. ती शोधण्यासाठी श्रवणातीत ध्वनीच्या लहरी रुळाच्या आत पाठवाव्या लागतात व त्यांच्या प्रतिध्वनीवरून आतील स्थितीचे अनुमान करावे लागते. आजचा विषय वैद्यकाचा असला तरी त्याचे मूळ याच प्रश्नात आहे. बाहेरून जे दिसते त्यावर किती विसंबावे? आणि आत पाहणारे यंत्र ‘दोष नाही’ असे सांगते, तेव्हा त्या ‘नाही’चा अर्थ कोणता घ्यावा?

रोग कोणता ते प्रथम सांगितले पाहिजे. डोके व मान यांचा कर्करोग असे म्हटले म्हणजे मेंदूचा कर्करोग नव्हे. ओठ, जीभ, गालाची आतील बाजू, हिरडी, टाळू, घसा, स्वरयंत्र, नाकाच्या आसपासच्या पोकळ्या व लालाग्रंथी या ठिकाणी उद्भवणाऱ्या कर्करोगांचा हा गट आहे. आपल्या देशात या गटात तोंडाच्या कर्करोगाची बहुसंख्या असते आणि त्याचे मुख्य कारण तंबाखू हे आहे. विदर्भात ती चुन्याबरोबर मळून खाल्ली जाते, खऱ्र्याच्या रूपाने चघळली जाते. छत्तीसगढात तिचे आणखी एक रूप घरोघर आढळते, ते म्हणजे गुडाखू. तंबाखू व गुळाची काकवी यांपासून केलेले हे काळपट लुकण बोटावर घेऊन दातांवर व हिरड्यांवर घासतात. दात स्वच्छ करण्याच्या मिषाने सुरू झालेली ही सवय दिवसातून अनेक वेळा करण्याचे व्यसन होऊन बसते. आणि विडीला कधी हातही न लावणाऱ्या स्त्रिया तिच्यात मोठ्या संख्येने सापडतात. ‘आम्ही तंबाखू खात नाही, फक्त गुडाखू करतो,’ हे उत्तर या भागातील डॉक्टरांना अपरिचित नाही. मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार क्रमागत रुग्णांचा आढावा १९४४ सालीच प्रसिद्ध केला होता. म्हणजे रोग नवा नाही, आणि त्याविषयीचे ज्ञानही नवे नाही. नवे आहे ते त्याचा विस्तार मोजण्याचे साधन.

विस्तार मोजणे याला वैद्यकात अवस्था ठरविणे असे म्हणतात. फ्रेंच शल्यवैद्य पिएर देन्वा यांनी १९४३ ते १९५२ या काळात त्यासाठी एक सोपी भाषा तयार केली. मूळ अर्बुद किती मोठे व किती खोल आहे, ते टी या अक्षराने दाखवावयाचे; आसपासच्या लसिकाग्रंथींपर्यंत रोग पोहोचला आहे काय, ते एन या अक्षराने; आणि फुप्फुस, यकृत, हाडे अशा दूरच्या अवयवांत तो गेला आहे काय, ते एम या अक्षराने. या तीन अक्षरांपुढे लिहिलेल्या आकड्यांवरून जगातील कोणताही डॉक्टर रोग्याला न पाहताही त्याच्या रोगाची कल्पना करू शकतो. २०१८ सालापासून व्यवहारात आलेल्या या पद्धतीच्या आठव्या आवृत्तीने तोंडाच्या कर्करोगासाठी एक महत्त्वाची भर घातली. जिभेवरील व्रण रुंदीने दोन सेंटिमीटरांहून लहान असला तरी तो पाच मिलिमीटरांहून खोल रुतला असेल, तर त्याला पहिल्या पायरीवर ठेवता येत नाही.

ही अक्षरे कागदावर जेवढी निरुपद्रवी दिसतात तेवढी रोग्याच्या दृष्टीने नसतात. केवळ शस्त्रक्रिया पुरेल की तिच्यापाठोपाठ किरणोपचार द्यावे लागतील, जबड्याचे हाड कापावे लागेल की वाचविता येईल, मानेच्या दोन्ही बाजूंना शस्त्र लावावे की एकाच बाजूला, हे सारे त्यांवर ठरते. त्यांत एन हे अक्षर सर्वांत निर्णायक आहे. तोंडाच्या कर्करोगात मानेतील एका जरी ग्रंथीत रोग शिरला तरी रोगी बरा होण्याची शक्यता साधारणतः निम्म्यावर येते, असे शल्यवैद्य मानतात. शरीरातील एकूण लसिकाग्रंथींपैकी सुमारे एक तृतीयांश ग्रंथी एकट्या मानेत आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे या शोधाची अडचण कळून येते.

पूर्वी हा शोध बोटांनी घेतला जाई. अनुभवी शल्यवैद्य रोग्याच्या मागे उभा राहतो, दोन्ही हातांची बोटे जबड्याखालून गळपट्टीच्या हाडापर्यंत सावकाश फिरवितो आणि कठीण, न सरकणारी गाठ लागते काय ते पाहतो. ही विद्या आजही टाकाऊ झालेली नाही व होऊही नये. परंतु जाड मानेत खोलवर असलेली ग्रंथी बोटाला लागत नाही. १९७१ साली लंडनमध्ये गॉडफ्रे हौन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रोग्याच्या मेंदूचे आडवे छेद क्ष-किरणांच्या साहाय्याने संगणकावर उमटविले, आणि शरीर न कापता ते कापून पाहिल्यासारखे दिसू लागले. यालाच सीटी स्कॅन म्हणतात. हौन्सफील्ड व त्यांच्याआधी या गणिताचा पाया घालणारे ॲलन कॉरमॅक यांना १९७९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. सीटीने मानेतील ग्रंथी मोजता येऊ लागल्या. सुमारे एक सेंटिमीटराहून मोठी ग्रंथी संशयास्पद, लहान ग्रंथी निर्दोष, असा ढोबळ नियम रूढ झाला. पण आकार हा साक्षीदार पुष्कळदा खोटे बोलतो. किडलेल्या दाढेमुळे सुजलेली ग्रंथी दोन सेंटिमीटरांची असू शकते, आणि सहा मिलिमीटरांच्या ग्रंथीत कर्करोगाने बिऱ्हाड केलेले असू शकते. सीटी रचना दाखविते. त्या रचनेत काय चालले आहे ते दाखवीत नाही.

काय चालले आहे ते दाखविण्याची युक्ती वेगळ्याच दिशेने आली. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२० नंतरच्या दशकात असे दाखविले होते की, अर्बुदाच्या पेशी साखरेच्या बाबतीत अतिशय अधाशी असतात. प्राणवायू उपलब्ध असतानाही त्या साखर आंबवून लॅक्टिक आम्ल तयार करीत राहतात. तेव्हा साखरेवरच खूण केली आणि ती खूण बाहेरून ओळखता आली, तर अधाशी पेशींचा ठावठिकाणा लागला पाहिजे. ग्लुकोजच्या रेणूतील एका ठिकाणी फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू बसवून अशी खुणेची साखर तयार करण्यात आली. तिचे नाव फ्लुरोडिऑक्सिग्लुकोज, संक्षेपाने एफडीजी. न्यूयॉर्कजवळील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत ती तयार करून विमानाने फिलाडेल्फियास नेण्यात आली व ऑगस्ट १९७६ मध्ये तेथे प्रथमच मनुष्याला टोचण्यात आली. पेशी तिला साखर समजून आत घेते, तिच्यावर पहिली रासायनिक क्रियाही करते. पण पुढची क्रिया तिला करता येत नाही आणि बाहेरही टाकता येत नाही. एफडीजी पेशीत अडकून पडते. फ्लोरिन-१८ च्या अणूतून पॉझिट्रॉन हा धनविद्युत्भारित कण बाहेर पडतो, जवळच्या इलेक्ट्रॉनशी भिडून दोघेही नष्ट होतात आणि प्रत्येकी ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे दोन गॅमा किरण परस्परांच्या विरुद्ध दिशांना धावतात. रोग्याभोवती स्फटिकांचे कडे असते. कड्याच्या समोरासमोरच्या दोन स्फटिकांवर एकाच क्षणी दोन किरण आदळले, की त्या दोहोंना जोडणाऱ्या रेषेवर कोठेतरी साखर आहे असे संगणक जाणतो. अशा लक्षावधी रेषा एकत्र आल्या म्हणजे प्रतिमा तयार होते. पॉझिट्रॉन उत्सर्जन छेदचित्रण, म्हणजे पेट, ते हेच.

या पेटचा दोष सीटीच्या नेमका उलट होता. ठिणगी दिसे, पण ती कोणत्या घरात पडली आहे ते कळत नसे. शरीराच्या इतर भागांत याचे फारसे बिघडले नसते. मानेत मात्र अर्ध्या सेंटिमीटराच्या अंतरात ग्रंथी, स्नायू, रोहिणी व लालाग्रंथी एकमेकांना खेटून असतात. दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या यंत्रांवर घेतलेली चित्रे एकमेकांवर ठेवून पाहावी, तर मधल्या काळात रोग्याने मान किंचित वळविलेली असे आणि सारा मेळ चुके. डेव्हिड टाउनसेंड व रोनाल्ड नट यांनी दोन्ही यंत्रे एकाच चौकटीत, एकामागे एक, बसविण्याची कल्पना मांडली. रोगी एकाच फळीवर निजून दोहोंतून सरकावयाचा. असे पहिले यंत्र १९९८ साली पिट्सबर्ग विद्यापीठात कामास लागले. भारतातील पहिले पेट यंत्र २००२ साली मुंबईत परळ येथे, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आले, आणि दोन वर्षांनी, २००४ साली, टाटा स्मारक रुग्णालयात पेट व सीटी यांचे संयुक्त यंत्र बसविण्यात आले.

परीक्षेच्या दिवसाविषयी थोडे विस्ताराने सांगणे जरूर आहे, कारण रोगी घाबरतो तो यंत्रापेक्षा अज्ञानाने. चार ते सहा तास उपाशी राहावे लागते, पाणी चालते. रक्तातील साखर तपासली जाते, कारण ती फार वाढलेली असेल तर खुणेच्या साखरेला पेशींत शिरावयास जागाच उरत नाही. मधुमेही रोग्याने आपली औषधे आधीच सांगितली पाहिजेत. मग शिरेतून इंजेक्शन देतात आणि सुमारे एक तास शांत, उबदार खोलीत पडून राहण्यास सांगतात. या तासात बोलू नये, काही चघळू नये, असे बजावले जाते. ही शिस्त उगाच नसते. बोलणाऱ्या माणसाच्या स्वरयंत्राचे स्नायू साखर खातात आणि प्रतिमेत स्वरयंत्र पेटलेले दिसते. थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाच्या मानेतील तपकिरी चरबीही तशीच उजळते. टॉन्सिल व लालाग्रंथी तर निरोगी माणसातही थोड्याफार चमकतात. प्रतिमा वाचणाऱ्या डॉक्टराला चोर व सज्जन असे दोघेही एकाच प्रकाशात पाहावयाचे असतात. निदान सज्जनांनी तरी गोंधळ वाढवू नये. गालाच्या आतील व्रणासाठी सीटी घेताना रोग्याला गाल फुगवून धरावयास सांगतात, त्यामुळे एकमेकांना चिकटलेली गाल व हिरडी यांची त्वचा अलग होते आणि रोग नेमका कोणत्या बाजूचा ते कळते. एवढ्या महागड्या यंत्रासमोर फुगा फुगविणाऱ्या मुलासारखे बसणे रोग्याला विचित्र वाटते खरे, पण या साध्या युक्तीने जे काम होते ते पुष्कळदा दुसऱ्या कशाने होत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळावयाचे. यंत्राच्या ‘होय’वर व ‘नाही’वर किती भरवसा ठेवावा?

‘होय’ची गोष्ट आधी. साखर खाणे हा कर्करोगाचा मक्ता नाही. दाह जेथे असेल तेथील पांढऱ्या पेशीही साखर खातात. ज्या देशात मानेतील ग्रंथींचा क्षयरोग आजही सर्रास आढळतो, तेथे प्रतिमेत चमकणाऱ्या प्रत्येक ग्रंथीला कर्करोग समजणे ही भयंकर चूक ठरेल. दातांची निगा न राखलेल्या तोंडाच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. म्हणून संशयित ग्रंथीतून सुई घालून पेशी काढणे व त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे यावाचून, विशेषतः ज्यावर उपचाराची दिशा बदलणार आहे अशा बाबतीत, निर्णय करू नये. दूरच्या एका चमकत्या ठिपक्यावरून ‘रोग फुप्फुसात गेला, आता इलाज नाही’ असे सांगून घरी परत पाठविलेला रोगी प्रत्यक्षात क्षयाचा असू शकतो.

‘नाही’ची गोष्ट याहून नाजूक आहे. चार-पाच मिलिमीटरांहून लहान असलेला रोगाचा अंश पेटला सहसा दिसत नाही. आतून कुजून पोकळ झालेली ग्रंथीही फसविते, कारण तिच्यात साखर खाणारे जिवंत असे थोडेच उरलेले असते. अमेरिकेत अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बोटांना व साध्या परीक्षेला निर्दोष वाटलेल्या मानेची पेट-सीटीने तपासणी करून मग शस्त्रक्रियेत काढलेल्या ग्रंथींशी ती पडताळून पाहण्यात आली. नजरेने वाचलेल्या प्रतिमेने निर्दोष ठरविलेल्या शंभर मानांपैकी सुमारे ८७ खरोखर निर्दोष निघाल्या. म्हणजे सुमारे तेरांत रोग दडून बसलेला होता. यंत्राच्या दृष्टीने ही कामगिरी उत्तम आहे. परंतु त्या तेरांपैकी एक असलेल्या माणसाच्या दृष्टीने?

या ठिकाणी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झालेल्या एका कार्याचा उल्लेख केला पाहिजे. भारतीय वैद्यकाने जगाच्या व्यवहारात बदल घडवून आणल्याचे ते ठळक उदाहरण आहे. तोंडाचा कर्करोग लवकर सापडला आहे, मानेत गाठ लागत नाही, अशा रोग्याच्या मानेतील ग्रंथी शस्त्रक्रियेच्या वेळीच काढून टाकाव्या, की थांबून लक्ष ठेवावे व गाठ उद्भवलीच तर मग काढाव्या, हा वाद जवळजवळ पन्नास वर्षे चालू होता. थांबण्याच्या बाजूने बोलणारे म्हणत की, बहुसंख्य रोग्यांच्या मानेत काहीच नसते. त्यांची मान उगाच का कापावी? खांदा दुखतो, हात उचलत नाही, कष्टकऱ्याची मजुरी जाते. हा आक्षेप पोकळ नव्हता, आणि भिलाईसारख्या श्रमिकांच्या गावात तर तो विशेष लागू पडतो. डॉ. अनिल डिक्रूझ व त्यांचे सहकारी यांनी २००४ पासून असे रोगी चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले व पाचशे रोग्यांचे निष्कर्ष २०१५ साली जाहीर केले. तीन वर्षांनी, ज्यांच्या ग्रंथी प्रथमच काढल्या होत्या त्यांपैकी ८० टक्के जिवंत होते. ज्यांच्या बाबतीत थांबण्यात आले त्यांपैकी ६७.५ टक्के. बोटांना निर्दोष लागलेल्या मानांपैकी जवळजवळ तीस टक्के मानांत सूक्ष्मदर्शकाखाली रोग आढळला होता.

या आकड्यांनंतर, ‘स्कॅन स्वच्छ आहे, तेव्हा मानेला हात लावू नका,’ हा आग्रह रोग्याच्या नातेवाइकांनी धरणे किती धोक्याचे आहे ते वेगळे सांगावयास नको. जिभेच्या किंवा गालाच्या लहान, लवकर सापडलेल्या कर्करोगात पेट-सीटीने निर्णय सहसा बदलत नाही आणि ती न केल्याने रोग्याचे फारसे अडतही नाही. तेथे खोली मोजण्यास चुंबकीय अनुस्पंदन, म्हणजे एमआरआय, आणि जबड्याचे हाड पाहण्यास सीटी अधिक उपयोगी. पेट व एमआरआय यांचे संयुक्त यंत्रही २०१० च्या सुमारास आले आहे व मज्जातंतूंच्या वाटेने कवटीच्या तळाकडे सरकणारा रोग पाहण्यास ते सोयीचे आहे. पण ते थोड्याच ठिकाणी आहे. शेत किंवा दागिना गहाण टाकून, जी परीक्षा निर्णय बदलणार नाही ती करून घेणे, हा विज्ञानावरील विश्वास नव्हे.

मग पेट-सीटीचे खरे स्थान कोठे? ज्या रोग्याच्या मानेत कर्करोगाची गाठ आहे पण मूळ अर्बुद तोंडात-घशात कोठेच सापडत नाही, त्याच्या बाबतीत ते सुमारे चौथ्या हिश्शाच्या रोग्यांत मूळ जागा दाखवून देते. कधी जिभेच्या मुळाशी, कधी टॉन्सिलच्या घडीत. रोग पुढे गेलेला असेल, मोठ्या शस्त्रक्रियेचा किंवा सात आठवड्यांच्या किरणोपचारांचा घाट घालावयाचा असेल, तर फुप्फुसात व हाडांत काही नाही ना, हे आधी पाहून घेणे शहाणपणाचे होय. तंबाखूने भाजून निघालेल्या त्वचेत एकाच वेळी दोन ठिकाणी कर्करोग उगवू शकतो. अन्ननलिकेतील वा फुप्फुसातील असा दुसरा रोग या परीक्षेत अवचित हाती लागतो. वर सांगितलेल्या अमेरिकन अभ्यासातही सुमारे २२ टक्के रोग्यांत शस्त्रक्रियेचा बेत प्रतिमेमुळे बदलला होता.

आणि उपचार संपल्यावर तिचा उपयोग सर्वांत निर्विवाद आहे. किरणोपचार व औषधे यांनंतर मानेत उरलेली गाठ मेलेली आहे की जिवंत, हे बोटाला कळत नाही, सीटीलाही कळत नाही. पूर्वी अशा रोग्यांची मान सरसकट उघडीत. ब्रिटनमधील ३७ केंद्रांत ५६४ रोग्यांवर झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाची शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे केली व दुसऱ्या गटाची पेट-सीटी करून जरूर भासली तरच केली. पहिल्या गटात २२१ शस्त्रक्रिया झाल्या, दुसऱ्यात ५४. आणि दोन वर्षांनी जिवंत राहिलेल्यांच्या प्रमाणात दुसरा गट तसूभरही मागे नव्हता. मात्र ही परीक्षा उपचार संपल्यानंतर बारा आठवड्यांनी करावयाची असते. त्याआधी किरणांनी भाजलेली त्वचाच साखर खात असते व प्रतिमा खोटी भीती दाखविते.

बारा आठवड्यांची ही अट मुंबईतील रोग्याला सोपी, दुर्ग-भिलाईच्या रोग्याला अवघड. अडचण थोडी पदार्थविज्ञानाची आहे. फ्लोरिन-१८ चा अर्धायुष्यकाल ११० मिनिटांचा. सायक्लोट्रॉनमध्ये तयार झालेली खुणेची साखर नागपुराहून भिलाईपर्यंतच्या सुमारे अडीचशे किलोमीटरांच्या वाटेवर चार तास राहिली, तर पोहोचताना तिचा एक पंचमांशाहून किंचित अधिक भागच कामाचा उरेल. ती साठवून ठेवता येत नाही, उद्यासाठी राखता येत नाही. त्यामुळे अशी यंत्रे मोठ्या शहरांभोवतीच वाढली. आता रायपूरच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतही न्यूक्लियर मेडिसिनचा विभाग आहे, आणि भिलाईहून तेथे पोहोचण्यास रेल्वेचा एक रात्रीचा प्रवास लागत नाही. तरीही उपचार परळला झालेले कितीतरी रोगी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम करून गावी परततात, बरे वाटू लागते, पेरणी किंवा पाळी सुरू होते आणि बाराव्या आठवड्याची तारीख हुकते. ती तारीख उपचार संपण्याच्या दिवशीच मोजून कागदावर लिहून घ्यावी. परीक्षा दुसऱ्या गावी करून घ्यावयाची असल्यास पहिल्या वेळेचा केवळ अहवाल नव्हे, तर प्रतिमांची तबकडीही सोबत न्यावी. कारण उरलेली ठिणगी ओळखण्यासाठी आधी आग कोठे होती ते वाचणाऱ्याला पाहावे लागते. बायोप्सीच्या काचपट्ट्या मूळ रुग्णालयातून मागता येतात व त्या दुसऱ्या ठिकाणी पुन्हा तपासता येतात, हे बहुतेकांना कोणी सांगितलेलेच नसते.